गहाण पडलेलं वऱ्हाड



राजेरजवाड्यांच्या लढाया सांगायला आम्ही इथं उभे नाही. आमची गोष्ट एका गहाणखताची आहे. घरातली पितळी घागर नाहीतर चार एकरांचं वावर सावकाराकडे ठेवून ज्यांनी दिवस काढले, त्यांना ती चटकन उमजेल. फरक इतकाच की इथं एखादं वावर गहाण पडलं नाही. पैनगंगेपासून मेळघाटाच्या डोंगरापर्यंत, आजच्या अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि वाशीम या जिल्ह्यांचं सारं वऱ्हाड गहाण पडलं. माणसांसकट, गुरांसकट, कापसाच्या बोंडांसकट. कर्ज आपण काढलं नव्हतं. खतावर अंगठा आपला नव्हता. पण व्याज मात्र आपल्या आज्या-पणज्यानं भरलं, आणि कर्ज फिटल्यावरही माल सुटला नाही.

वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड, असं जुनी माणसं सांगत आली. कुऱ्हाड सोन्याची होती म्हणूनच ती सदोदित दुसऱ्याच्या मुठीत राहिली, हे मात्र त्या म्हणीत कुणी घातलं नाही.

सुरुवात थोडी मागून करू. अचलपूर ही एके काळी इमादशाहीची राजधानी. ती बुडाली, अहमदनगरची निजामशाही आली, मग मोगल आले. १७२४ साली आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला निजाम-उल-मुल्कानं मुबारिझखानाला मारलं आणि दख्खन आपली केली. हैदराबादच्या निजामीचा पाया वऱ्हाडच्या मातीत घातला गेला, हे हैदराबादच्या माणसालाही फारसं ठाऊक नसतं. त्यानंतर नागपूरकर भोसल्यांचे घोडे आले. निजामाची सत्ता कागदावर राहिली आणि भोसले चौथ व सरदेशमुखी वसूल करू लागले. चौथ म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे वर आणखी दहावा. एकाच गावात दोन सरकारांचे दोन कारकून येत. याला दुअमल म्हणत. आता इथं कुणी छाती फुगवून म्हणेल, की भोसले तर आपले मराठी! होते ना. त्यांचा कारकून आपल्या भाषेत बोलत होता, एवढा सुखाचा भाग होता खरा. पण खळ्यावर दोन मापं लागली की कुणबी दोनदा नागवला जातो. मापवाला कोणत्या भाषेत मोजतो यानं ढीग वाढत नाही. भाषेच्या राज्याची चळवळ चालवणाऱ्या आम्हीच हे सांगतो आहोत, म्हणून ध्यानात ठेवा.

१८०३ साली इंग्रज आला. २९ नोव्हेंबरला तेल्हाऱ्याकडच्या आडगावात आर्थर वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा मोड केला. १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावच्या तहात दुसऱ्या रघूजी भोसल्यानं वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडून दिला. इंग्रजानं तो घेतला आणि पुढच्या सालात दोस्त म्हणून निजामाला देऊन टाकला. गाविलगड आणि नरनाळा तेवढे भोसल्यांकडे उरले होते, तेही १८२२ पर्यंत गेले. म्हणजे लढाई आपल्या अंगणात, मेले आपले लोक, जिंकला इंग्रज आणि जमीन मिळाली हैदराबादला. वऱ्हाडच्या पुढच्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा सगळा नमुना या एका व्यवहारात आला आहे.

आता गहाणखताकडे या.

निजामाचा आणि कंपनी सरकारचा १८०० साली तह झाला होता. लढाई आली तर निजामानं ६,००० पायदळ आणि ९,००० घोडेस्वार मदतीला द्यावेत, असं त्यात होतं. लढाई आली तर, बरं का! पण हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटांनी त्यातून भलतंच उभं केलं. हेन्री रसेल नावाच्या रेसिडेंटाच्या काळात एक पलटण तयार झाली, ती वाढत वाढत ‘हैदराबाद कंटिंजंट’ झाली. अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजाचा, शांततेच्या काळातही कायम खडी फौज. आणि पगार निजामाच्या खजिन्यातून. वर्षाला सुमारे चाळीस लाख रुपये! तहात अशी फौज कायम पोसण्याचं कलम नव्हतं.

तुमच्या खात्यातल्या जॉबरनं आपली माणसं आणून बसवावीत, त्यांनी हुकूम जॉबरचा मानावा, पगार मात्र तुमच्या पाकिटातून कापला जावा, आणि पाकीट रिकामं झालं की त्याच जॉबरनं तुम्हाला व्याजी पैसे द्यावेत, असा हा धंदा होता. निजामाचा दिवाण चंदूलाल यानं फौजेचा पगार भागवायला सावकार गाठले. पामर कंपनीची पेढी होती, मुंबईच्या पेस्तनजींची पेढी होती. वऱ्हाडचे महाल वसुलासाठी सावकारांच्या हवाली झाले. सरकारला कर्ज देणारा माणूस सारा वसूल करायला आला म्हणजे तो काय करतो, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. त्याला पुढच्या पिकाशी कर्तव्य नसतं, यंदाच्या रकमेशी असतं.

तरीही पगार थकतच गेला. मग कंपनी सरकारनं आपल्या तिजोरीतून तो भागवला आणि निजामाच्या नावावर कर्ज लिहिलं. रक्कम पन्नास लाखांच्या घरात गेली तेव्हा लॉर्ड डलहौसीनं वसुलीचा तगादा लावला. २१ मे १८५३ रोजी नवाब नासिर-उद्-दौल्याला तह करावा लागला. इंग्रजांतर्फे कर्नल लो रेसिडेंट होता. ५,००० पायदळ, २,००० घोडेस्वार आणि चार तोफखाने अशी कंटिंजंट कायम ठेवायची, आणि तिच्या खर्चासाठी व कर्जाच्या व्याजासाठी पन्नास लाख उत्पन्नाचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात द्यायचा. त्यात वऱ्हाड होतं, धाराशिव होतं, रायचूरचा दुआब होता. इंग्रजी कागदात आपल्याला नवं नाव मिळालं: ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’. म्हणजे हैदराबादनं लावून दिलेले जिल्हे. नवऱ्या मुलीलासुद्धा सासरी नाव मिळतं. आपल्याला गहाणवटीतलं नाव मिळालं.

पुढचा भाग नीट ऐका. इथंच खरी मेख आहे.

१८५७ सालचं बंड झालं. हैदराबाद सरकार इंग्रजांच्या बाजूनं राहिलं. त्याचं बक्षीस म्हणून १८६० साली दुसरा तह झाला. धाराशिव आणि रायचूर परत केले. आणि कर्ज? ते पन्नास लाखांचं कर्ज पुसून टाकलं. रद्द! आता तुम्हीच सांगा, कर्ज रद्द झालं म्हणजे गहाण ठेवलेली घागर घरी यायला नको? पण वऱ्हाड परत केलं नाही. त्याचं उत्पन्न त्या वेळी बत्तीस लाख धरलं होतं. फौजेचा खर्च भागवायला म्हणून ते इंग्रजांकडे विश्वस्त म्हणून राहील, असं ठरलं. खर्च जाऊन शिल्लक उरली तर ती निजामाला द्यायची. मात्र जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क निजामानं सोडावा, मागच्या हिशेबाचा, चालू हिशेबाचा आणि पुढच्याही हिशेबाचा, असं कलम त्या तहात घातलं. शिल्लक देईन, पण वही दाखवणार नाही! पगाराची चिठ्ठी न दाखवता पाकीट हातात ठेवणारा मालक आपण पाहिला आहे. निजामासारख्या राजालाही तोच मालक भेटला होता.

इंग्रजाचा जीव वऱ्हाडवर का जडला? कंटिंजंटसाठी नव्हे. कापसासाठी. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्या ओस पडायला लागल्या. त्या वेळी मुंबईला जाणारा आपला काळ्या मातीचा कापूस सोन्याच्या भावानं गेला. त्यापूर्वी कापूस लमाणांच्या बैलांवर लादून घाट उतरायचा. १८६७ पर्यंत भुसावळहून अकोला, बडनेरा या वाटेनं नागपूरपर्यंत लोखंडी रस्ता पोचला. १८७० साली खामगावचा फाटा निघाला. तो उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. दुसऱ्याच सालात बडनेऱ्याहून अमरावतीचा फाटा झाला. रिव्हेट-कार्नाक नावाचा खास ‘कॉटन कमिशनर’ नेमला होता, मध्यप्रांत आणि वऱ्हाड मिळून. ज्या मुलखाला शिक्षणाचा अधिकारी किती हे मोजायला बोट पुरे, त्याला कापसाचा कमिशनर मिळाला. पुढे जिनिंग आले, प्रेस आले, बडनेऱ्याची गिरणी आली, अकोल्याची सावतराम मिल आली, अचलपूरची विदर्भ मिल आली. शेतातला मजूर पाळीवर आला. मुंबईच्या गिरणगावात हात कोकणचे आणि घाटावरचे, पण चात्यांवर फिरत होता त्यात आपल्या वऱ्हाडचा धागा होता. मुंबईचं आणि आपलं नातं जोडलं ते कुठल्या तहानं नव्हे, या रुळांनी.

पण कायद्यानं आपण कोण होतो? हा प्रश्न हसण्यासारखा वाटेल. वऱ्हाडातला माणूस राहायचा इंग्रजाच्या अमलाखाली, सारा भरायचा इंग्रजाच्या तहशिलीत, तुरुंगात जायचा इंग्रजाच्या. तरी कायद्यानं तो इंग्रजांचा प्रजाजन नव्हता. तो निजामाचा प्रजाजन. वऱ्हाड म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थान नव्हे, परका मुलूख. सगळ्यांत वरचा अधिकारी हैदराबादचा रेसिडेंट. कलकत्त्याला कायदा पास झाला तरी तो वऱ्हाडात आपोआप यायचा नाही. व्हाइसरॉयच्या सरकारनं वेगळं सूचनापत्र काढून तो ‘वऱ्हाडास लागू’ केला तरच लागू. कारखान्याचा कायदा असो, कुळाचा असो, हीच रीत. आणि ही रीत कधीपर्यंत चालली? १९४१ साली ‘बेरार लॉज ॲक्ट’ करून शेकड्यानं कायदे एकदम आणावे लागले, तोपर्यंत! म्हणजे दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं, आणि अकोल्याच्या गिरणीतला माणूस कुठल्या देशात काम करतो याचा पत्ता कागदावर लागत नव्हता.

अमरावतीला १८९७ साली राष्ट्रसभेचं अधिवेशन भरलं, सर शंकरन नायर अध्यक्ष होते. रंगनाथपंत मुधोळकर, दादासाहेब खापर्डे अशी अमरावतीची मंडळी पुढं होती. सारा हिंदुस्थान जिथं जमला, ती जागा कायद्यानं ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हती. आम्हाला तर हे अधिवेशन त्यासाठीच आवडतं. लोकांनी आपला देश आधी ठरवला होता. कागद मागून आले.

त्या अधिवेशनाच्या आगेमागे दुष्काळ होता. १८९६-९७ चा एक, आणि १८९९-१९०० चा दुसरा, त्याला आपली म्हातारी माणसं छपन्नाचा काळ म्हणत. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडात २८ लाख ९७ हजार माणसं होती. १९०१ ला मोजली तर २७ लाख ५४ हजार. दहा वर्षांत माणसं वाढायची ती १ लाख ४३ हजारांनी घटली. काही पटकीनं गेली, काही उपाशी गेली, काही गाव सोडून गेली. दुष्काळी कामांसाठी जे पैसे खर्च झाले तेही कर्ज म्हणूनच लिहिले गेले.

आणि हे प्रेतं उचलण्याचं काम जेमतेम संपलं होतं, तेव्हा लॉर्ड कर्झन हैदराबादला आला. मार्च १९०२. निजाम मीर महबूब अली खान आणि व्हाइसरॉय यांची भेट झाली. ५ नोव्हेंबर १९०२ ला करार झाला. वऱ्हाडवर मालकी निजामाची, हे पुन्हा एकदा मान्य. आणि वऱ्हाड इंग्रज सरकारला कायमच्या पट्ट्यानं दिलं. खंड वर्षाला पंचवीस लाख रुपये. कंटिंजंट, जिच्यासाठी पन्नास वर्षं हा सारा खेळ चालला होता, ती हिंदुस्थानच्या फौजेत विरघळून गेली! ज्या नोकराच्या पगारासाठी घर गहाण टाकलं, तो नोकर सावकारानं स्वतःकडे नेला आणि घरही ठेवलं.

नवीन वर्षाला निजामाला जी.सी.बी. नावाचा मोठा किताब मिळाला. लोकांनी त्या तीन अक्षरांचा अर्थ लावला: ‘गेव्ह कर्झन बेरार’, म्हणजे कर्झनला वऱ्हाड देऊन टाकलं. विनोद चांगला आहे. पण हसायच्या आधी आम्ही एक लहानसा हिशेब मांडतो, कारण हिशेब मागायचा नाही असं कलम आपल्यावर नाही. खंड पंचवीस लाख. माणसं साडेसत्तावीस लाख. भागून पाहा. दर माणशी साडेचौदा आणे पडतात. तान्हं पोर धरून, म्हातारी धरून, वऱ्हाडातल्या प्रत्येक जिवाचं सालाचं भाडं साडेचौदा आणे. १९०२ ते १९४७ या पंचेचाळीस वर्षांचं धरलं तर सव्वाअकरा कोटी रुपये होतात. ते कुणी लंडनहून आणून भरले नाहीत. ते काळ्या मातीतून निघाले. आणि त्या करारावर सही करण्यापूर्वी साडेसत्तावीस लाखांपैकी एकालाही कुणी विचारलं नाही: बाप्पा, तुले कुठं राहायचं हाय?

ज्यांच्या घरी अजून वावर आहे त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट मध्येच सांगतो. वऱ्हाडची जमीन १८६१ पासून मोजली गेली ती मुंबई इलाख्याच्या पद्धतीनं. खातेदार थेट सरकारला सारा भरतो ती रयतवारी. वर्धा नदी ओलांडली की मालगुजारी, मध्ये मालगुजार. म्हणजे जमिनीच्या मापानं आपण मुंबईचे, रेल्वेनं मुंबईचे, कापसानं मुंबईचे, भाषेनं मराठी. मग १९०३ साली वऱ्हाड रेसिडेंटाच्या हातून काढलं तेव्हा कुठं जोडलं? मध्यप्रांताला. १ ऑक्टोबर १९०३. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हे चार मराठी जिल्हे तिथं होते हे खरं, पण बाकीचा प्रांत नर्मदेपलीकडचा आणि छत्तीसगडचा, हिंदी बोलणारा. नवल असं, की भाषा हे कारण कर्झनच्या सरकारला कळत नव्हतं असं नाही. उडिया बोलणारं संबळपूर त्यांनी १९०५ मध्ये याच मध्यप्रांतातून काढून ओरिसा विभागाला जोडलं. उडियाला न्याय, आणि मराठीला हिशेब! दोन वर्षांनी, १९०५ मध्ये, वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार केले. अचलपूर आणि वाशीम हे जिल्हे मोडले. वाशीमचा जिल्हा पुन्हा व्हायला १९९८ साल उजाडलं.

पुढची वीस-तीस वर्षं भराभर सांगतो. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा आल्या, निवडणुका झाल्या. वऱ्हाडी मतदारानं माणूस निवडून दिला तरी तो कायदेमंडळात थेट बसू शकत नव्हता, कारण आपण परक्या मुलखातले. लोकांनी निवडायचा, मग सरकारनं त्यालाच ‘नेमायचा’, मग तो सभासद. इकडे राष्ट्रसभेनं १९२० साली नागपूरला भाषेवर प्रांत ठरवले आणि वऱ्हाडची प्रांतिक समिती वेगळी केली. १९२३ मध्ये नव्या निजामानं, मीर उस्मान अली खानानं, वऱ्हाड परत मागितलं. त्याला लॉर्ड रीडिंगनं २७ मार्च १९२६ ला जे उत्तर दिलं ते सगळ्या संस्थानिकांनी आयुष्यभर लक्षात ठेवलं: ब्रिटिश सत्तेशी बरोबरीनं बोलण्याचा हक्क कुठल्याही राजाला नाही. दोघं मालकीसाठी भांडत होते. भाडेकरूला, म्हणजे आपल्याला, दोघांनी विचारलं नाही. २४ ऑक्टोबर १९३६ ला तडजोड झाली. निजामाची मालकी पुन्हा मान्य, त्याला ‘हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम’ ही पदवी, युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’, इंग्रजी निशाणाच्या शेजारी त्याचं निशाण, आणि पंचवीस लाख पहिल्यासारखे चालू.

याला आम्ही हिंदू-मुसलमानाचा मामला कधीच म्हटलं नाही आणि म्हणू देणार नाही. अचलपूरचा मोमीन विणकर आणि आकोटचा कुणबी, दोघांचंही भाडं साडेचौदा आणेच होतं.

१९४७ चा जुलै आला. इंग्रज जाणार, त्यांनी केलेले करार संपणार. मग पट्टा संपला तर माल मूळ मालकाकडे? निजामानं ठामपणे तेच म्हटलं, वऱ्हाड आम्हाला परत द्या. सारा देश तिरंगा शिवत होता आणि वऱ्हाडातला माणूस मनाशी विचारत होता, आपण १५ ऑगस्टला स्वतंत्र होणार की मोगलाईत जाणार? त्याच तापलेल्या दिवसांत, ८ ऑगस्ट १९४७ ला, अकोल्यात महाराष्ट्राचे आणि वऱ्हाड-नागपूरचे पुढारी बसले आणि अकोला करार झाला. शंकरराव देव होते, बापूजी अणे होते, ब्रिजलाल बियाणी, पंजाबराव देशमुख, रामराव देशमुख, धनंजयराव गाडगीळ होते. एक संयुक्त महाराष्ट्र, त्यात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत, दोघांना आपापलं कायदेमंडळ. आणि हे न जमलं तर महाविदर्भ वेगळा. त्यातले कित्येक जण मनानं वेगळ्या विदर्भाचे होते, आणि ते त्यांनी लपवलं नाही. १ ऑक्टोबर १९३८ ला मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात वेगळ्या विदर्भाचा ठराव पास झालेलाच होता. आम्ही एकीकरणाच्या बाजूचे; पण त्या माणसांना गद्दार म्हणण्याची जी टूम पुढं निघाली ती आम्हाला पसंत नाही. दीडशे वर्षं ज्याला दुसऱ्यांनी इकडून तिकडे ढकललं, तो नव्या घरात शिरताना उंबरठा चाचपून पाहणारच.

नोव्हेंबर १९४७ मध्ये हैदराबादशी जैसे थे करार झाला आणि वऱ्हाड होतं तिथंच राहिलं. पैनगंगेच्या पलीकडून रझाकारांच्या जुलमानं पळालेली कुटुंबं अलीकडे आली. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई सुरू झाली, पाच दिवसांत आटोपली, आणि निजामाचा मालकीहक्क त्या फौजेबरोबरच संपला. २६ जानेवारी १९५० ला घटना आली, त्यात ‘मध्यप्रदेश’ आला, आणि गहाणवटीचं शेवटचं नाव पुसलं गेलं.

मात्र घर अजून मिळालं नव्हतं. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. राज्य पुनर्रचना आयोगानं १९५५ मध्ये आठ जिल्ह्यांचं वेगळं विदर्भ राज्य सुचवलं. मुंबईत नोव्हेंबर १९५५ पासून आणि जानेवारी १९५६ मध्ये गोळ्या चालल्या. त्या हुतात्म्यांत गिरणीकामगार किती होते ते तुम्हाला सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य झालं, कच्छपासून चांद्यापर्यंत. १ मे १९६० ला महाराष्ट्र. अमरावतीला १९०२ मध्ये जन्मलेला माणूस साठीला टेकेपर्यंत एकाच ओट्यावर बसून हैदराबादचे लावून दिलेले जिल्हे, मध्यप्रांत-वऱ्हाड, मध्यप्रदेश, द्विभाषिक मुंबई आणि महाराष्ट्र अशा पाच पत्त्यांची पत्रं घेत आला होता.

आता तुमच्या कामाची गोष्ट. राज्य एक झालं म्हणून कायदा एक झाला का? नाही. मुंबईच्या गिरणीला १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. अकोल्याच्या आणि अचलपूरच्या गिरणीला १९४७ चा मध्यप्रांत-वऱ्हाड औद्योगिक तंटे निवारण कायदा. तोच साचा, तोच बाबिन, तीच रात्रपाळी. पण तंटा झाला तर दार वेगळं, मुदती वेगळ्या. १ मे १९६० च्या गुलालानंतरही हे काही वर्षं चाललं, आणि १९६५ मध्ये मुंबईचा कायदा साऱ्या राज्याला लावला गेला तेव्हा मिटलं. जुन्या सरहद्दी नकाशावरून पुसायला एक दिवस लागतो, कचेरीच्या फडताळातून काढायला वर्षं लागतात.

नागपूर करारातलं काही मिळालं: विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला भरतं, उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे. खर्चाचा वाटा लोकसंख्येच्या प्रमाणात, हे जे लिहिलं होतं त्याचं काय झालं? वि. म. दांडेकरांच्या समितीनं १९८४ मध्ये राज्यभरचा अनुशेष ३,१८६ कोटींचा काढला, आणि सिंचनाच्या अनुशेषात आपला अमरावती विभाग वारंवार पुढं आला. विकास मंडळं १९९४ मध्ये आली, त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. बडनेरा, अकोला, अचलपूर इथल्या जुन्या गिरण्यांचे भोंगे थंडावले. आज नांदगाव पेठच्या कारखान्यांत जी पोरं-पोरी पाळीला जातात त्यांचे आजोबा त्या भोंग्यावर उठत होते. वेगळं राज्य मागणारे आजही आहेत. त्यांच्याशी आमचं भांडण आहे, पण त्यांनी पुढं केलेल्या वहीशी नाही. ती वही आम्हीही मागतो. १८६० च्या तहात हिशेब मागायचा नाही हे कलम निजामानं मान्य केलं होतं. आपण कुठल्याच कागदावर तसं लिहून दिलेलं नाही.

मंडळी, वेळ झाला, दुसऱ्या पाळीच्या लोकांना जायचं आहे. टेबलावर नकाशा मांडला आहे. १८५३ ची सरहद्द तांबड्या शाईनं काढली आहे, १९०३ ची निळ्या, १९५६ ची हिरव्या. ज्यांना आपलं गाव कोणत्या रेघेच्या आत होतं ते पाहायचं असेल त्यांनी एकेक करून पुढं यावं.